परतलेल्या मेलचा अभ्यास : प्रस्तावना

मेल परत आला की बहुतेक जण तोच मेल पुन्हा पाठवतात. पुन्हा परत आला की विषयाची ओळ बदलतात, 'ऑफर' हा शब्द काढून टाकतात, जोडलेली पीडीएफ वगळून बघतात, आणि शेवटी समोरच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात : 'साहेब, एकदा स्पॅममध्ये बघा.' एवढ्या खटाटोपात एक गोष्ट राहून जाते. परतीच्या मेलमध्ये 'मेलर डेमन'ने जे चार ओळींचे इंग्रजी लिहिलेले असते ते कोणी वाचत नाही. हे पुस्तक ज्या विषयाचे आहे तो त्या चार ओळींतच सुरू होतो, त्यामुळे आधी त्यांच्याकडेच वळू.

नमुना म्हणून एक ओळ घेऊ : '५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल; क्लायंट होस्ट १९२.०.२.२५ ब्लॉक्ड युझिंग झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग'. यातला आयपी पत्ता पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, त्यामुळे कोणाची बदनामी होत नाही. बाकीची ओळ पोस्टफिक्स या सर्व्हरच्या रोजच्या बोलण्यातली आहे. पहिल्या आकड्यातला पाच म्हणजे कायमचा नकार. तिथे चार असता तर 'आत्ता नको, थोड्या वेळाने ये' असा अर्थ झाला असता, आणि आपला सर्व्हर मेल रांगेत ठेवून साधारण पाच दिवस प्रयत्न करत राहिला असता. त्यानंतरचा ५.७.१ सांगतो की नकार धोरणाचा आहे. पत्ता चुकलेला नाही, पेटी भरलेली नाही. 'क्लायंट होस्ट' म्हणजे आपण. आणि 'युझिंग'च्या पुढचे नाव ज्याच्या सांगण्यावरून नकार दिला गेला त्याचे.

ही ओळ लिहिली कोणी? मेल ज्याला पाठवला त्याच्या सर्व्हरने. स्पॅमहाउसने, म्हणजे मेल स्वीकारू नये अशा आयपींच्या याद्या प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेने, तुमचा मेल पाहिलेला नाही, आणि खरे म्हणजे त्या समोरच्या सर्व्हरनेही पाहिलेला नाही. आयपीच्या यादीवरून होणारा नकार बहुधा दोन सर्व्हरांची प्राथमिक विचारपूस चालू असतानाच होतो. मजकूर पाठवण्याची वेळच येत नाही. विषयाची ओळ बदलून काही साधत नाही ते यामुळे.

'आमचा आयपी ब्लॅकलिस्टने ब्लॉक केलाय' हे वाक्य आयटीतले जुनेजाणते लोकही सर्रास बोलतात. या पुस्तकाचा सगळा डोलारा हे वाक्य चुकीचे आहे या एका दाव्यावर उभा आहे. यादी काहीही अडवत नाही. ती स्वतःचे मत प्रसिद्ध करते. मेल अडवतो तो स्वीकारणारा, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या अधिकारात. मराठी वाचकाला इथे वाळीत टाकण्याची आठवण होईल, आणि ती तुलना थोडे अंतर चालतेही : कोणीतरी नाव पुकारतो आणि गावातल्या घरांचे दरवाजे बंद होतात. पण जातपंचायतीचा हुकूम न पाळणाऱ्या घरालाही दंड बसतो, आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो असल्या सक्तीला आळा घालण्यासाठी. स्पॅमच्या यादीच्या हातात अशी कोणतीच सक्ती नाही. एखाद्या कॉलेजने ती यादी वापरायची नाही असे ठरवले तर त्याला कोणी विचारायला जात नाही. त्यामुळेच एक आयपी चार याद्यांत असूनही त्याचे मेल बिनदिक्कत पोचतात, आणि दुसरा एकाही यादीत नसताना अडतो.

हे मनात पक्के बसले की प्रश्न विचारायची पद्धत बदलते. 'मी कोणकोणत्या याद्यांत आहे?' या प्रश्नाची उत्तरे देणारी साधने फुकट मिळतात. ती एका दमात शंभरेक याद्या तपासतात आणि लाल खुणांचा तक्ता समोर ठेवून मालकाच्या पोटात गोळा आणतात. त्यातल्या कित्येक याद्या कोणताही मोठा मेल सर्व्हर विचारात घेत नाही. विचारायला हवे ते वेगळेच : मला कोणी नाकारले, कोणाच्या मतावरून, आणि ते मत कशावरून बनले? पुढची सगळी प्रकरणे या प्रश्नाची उत्तरे शोधताना लिहिली गेली आहेत.

मत प्रसिद्ध करायची गरज का पडली, ते समजायला थोडे मागे जावे लागते. मेल पोचवण्याचा आजचा शिरस्ता, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये शब्दबद्ध केला. त्यात पाठवणाऱ्याने आपले नाव सांगायचे आणि घेणाऱ्याने ते खरे धरायचे, इतकाच करार होता. नकोशा मेलचा अनुभव त्याआधीही आलेला होता. डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने मे १९७८ मध्ये अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या, सुमारे चारशे जणांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकगठ्ठा धाडले होते, आणि त्यावर ओरडही झाली होती. पण तेव्हा ओरडणारे आणि पाठवणारा एकमेकांच्या ओळखीचे होते. नव्वदीच्या दशकात ती ओळख संपली. शिवाय त्या काळातले बहुतेक मेल सर्व्हर कोणाचाही मेल कोणाकडेही बिनतक्रार पुढे पाठवत. सेंडमेल या सर्वांत प्रचलित सर्व्हरने हे मूळ मांडणीतच बंद केले ते १९९८ च्या आवृत्तीत. तोवर एका देशातल्या विद्यापीठाचा सर्व्हर दुसऱ्या देशातल्या जाहिरातदाराची हमाली रात्रभर करत राही आणि सकाळी प्रशासकाला कळे.

पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली यादी या क्षेत्राची पायाभरणी मानली जाते. तिचे पहिले रूप आजच्यापेक्षा फार कडक होते. ती राउटरांना दिली जाई, आणि यादीतल्या पत्त्याकडे जाणारी वाटच बंद होई; मेल तर गेलाच, पण बाकीची वाहतूकही बंद. पुढे एरिक झीगास्ट यांच्या सूचनेवरून तीच यादी डीएनएसमधून विचारता येऊ लागली, आणि त्या सूचनेने सगळे क्षेत्र घडवले. डीएनएस म्हणजे नावावरून आकडा सांगणारी जगभर पसरलेली व्यवस्था. ती प्रत्येक सर्व्हरला आधीच बोलता येत होती, उत्तरे काही काळ लक्षात ठेवत होती, आणि तिच्यासाठी नवे काही बसवावे लागत नव्हते.

हा प्रश्न कसा विचारला जातो ते एकदा हाताने करून पाहावे. आयपी १९२.०.२.२५ असेल तर त्याचे चार भाग उलटे लिहायचे, मागे यादीचे नाव जोडायचे, आणि २५.२.०.१९२.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग या नावाचा पत्ता डीएनएसला विचारायचा. असे नावच नाही असे उत्तर आले, तर आयपी यादीत नाही. १२७.०.० ने सुरू होणारे उत्तर आले तर आहे, आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. त्याच नावाखाली मजकुराची नोंदही बहुधा असते. तिच्यात कारण वाचायला कुठे जायचे ते दिलेले असते. यादी जिवंत आहे का हे बघायचे असेल तर १२७.०.०.२ हा पत्ता विचारायचा. तो नेहमी यादीत असला पाहिजे. १२७.०.०.१ विचारायचा, तो कधीही असता कामा नये. जॉन लेव्हिन यांनी २०१० मध्ये हा सगळा शिरस्ता आरएफसी ५७८२ मध्ये, म्हणजे इंटरनेटचे शिरस्ते नोंदवणाऱ्या दस्तऐवजमालेतल्या एका दस्तऐवजात, लिहून ठेवला, तोवर तो तेरा वर्षे केवळ रिवाज म्हणून चालत आला होता.

शेवटच्या आकड्यावर मी जरा रेंगाळतो, कारण बहुतेक वाया गेलेला वेळ तो न वाचल्याने जातो. स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीत दोन आला तर माणसाने तपासून केलेली नोंद. ती काढण्याची विनंती आयपी ज्याच्या मालकीचा आहे त्या सेवादात्याकडून जावी लागते. तुम्ही कितीही कळवळून लिहिलेत तरी उपयोग नाही. तीन आला तर पाठवण्याच्या ढंगावरून यंत्राने केलेली नोंद. चार ते सातमधला आकडा म्हणजे त्या पत्त्यावरून बाधित संगणक किंवा तसेच काही बोलताना आढळले. दहा किंवा अकरा आला तर तो मुळात आरोपच नाही. त्याचा अर्थ इतकाच की हा पत्ता घरगुती किंवा बदलत्या आयपींच्या पट्ट्यातला आहे, आणि अशा पत्त्यावरून थेट दुसऱ्याच्या सर्व्हरकडे मेल जाणे अपेक्षित नाही. पुष्कळदा हा पट्टा खुद्द सेवादात्यानेच कळवलेला असतो. घरच्या ब्रॉडबँडवर हौसेने मेल सर्व्हर चालवणाऱ्याला 'मी गुन्हेगार ठरलो' असे वाटते. प्रत्यक्षात त्याने आपला मेल सेवादात्याच्या किंवा एखाद्या मेल कंपनीच्या सर्व्हरमार्फत, ५८७ या पोर्टवरून, नाव आणि पासवर्ड देऊन पाठवायला हवा होता.

आता एक प्रकरण जरा जवळून बघू. भोसरीच्या एमआयडीसीतला सुट्या भागांचा एक कारखाना. मेल सर्व्हर कार्यालयातच, एका स्थिर आयपीवर. त्याच आयपीमागे अकाउंट्सचे संगणक, डिस्पॅचचा संगणक, रिसेप्शनचा वायफाय आणि आल्यागेल्याचे मोबाइल. जर्मनीतल्या ग्राहकाकडे जाणारी कोटेशन्स परत येऊ लागली. मालकांचे म्हणणे, 'अहो, दिवसाला जेमतेम पन्नास मेल जातात आमचे. आम्ही कसला स्पॅम पाठवणार?' ते अक्षरशः खरे होते. मेल सर्व्हरचा लॉग तपासला तर त्यात पन्नासच मेल होते, सगळे कामाचे. देखभाल करणाऱ्या एजन्सीने यादीच्या पानावर जाऊन आयपी काढून घेतला होता, तो दोन दिवसांत पुन्हा आत गेला होता. पुन्हा काढला, पुन्हा गेला. त्यांचा निष्कर्ष असा की यादीवाले मुद्दाम त्रास देतात.

उत्तर यादीच्या पानावरच होते. तिथे शेवटचे निरीक्षण २१:१० वाजताचे लिहिलेले होते, आणि शेजारी यूटीसी ही तीन अक्षरे. भारतीय वेळेत ते पहाटेचे २:४० होतात. त्या वेळी कारखान्यात एकही माणूस नसतो, पण डिस्पॅचचा संगणक रात्रभर चालू असतो, लेबल छापायचे सॉफ्टवेअर सकाळी उघडायला वेळ लागतो म्हणून. फायरवॉलचा लॉग काढल्यावर त्या संगणकावरून पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, जगभर जाणाऱ्या जोडण्यांची माळ दिसली. तो मेल सर्व्हरला विचारतच नव्हता, थेट बाहेर बोलत होता. मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस असणार कसा? बाहेरच्या जगाला मात्र दोघांचा पत्ता एकच दिसत होता. उपाय दोन ओळींचा निघाला : पोर्ट २५ वरून बाहेर जाण्याची मुभा फक्त मेल सर्व्हरला, बाकी सगळ्यांना बंद. त्यानंतर डिस्पॅचचा संगणक पुसून नव्याने उभा केला, आणि सर्वांत शेवटी यादीतून नाव काढण्याची विनंती केली. नाव पुन्हा आत गेले नाही.

या प्रकरणात क्रम हाच धडा आहे. कारण आधी, विनंती शेवटी. कारण तसेच ठेवून वारंवार विनंती केली की काही याद्या विनंतीची सोय काही काळ बंद करतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. सगळ्याच याद्यांना विनंती लागते असेही नाही. स्पॅमकॉपमधली नोंद तक्रारी थांबल्यावर साधारण चोवीस तासांत आपोआप गळून पडते. तिथे कारण दुरुस्त करून स्वस्थ बसणे हाच उपाय. नाव लवकर काढायचे तर पैसे भरा असे सांगणाऱ्याही काही याद्या आहेत. त्यांच्याबद्दल माझे मत वाईट आहे, आणि ते माझ्या एकट्याचे नाही : याद्या कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या २०१२ च्या आरएफसी ६४७१ मध्ये ही प्रथा खंडणीच्या फार जवळ जाते असे स्वच्छ लिहिले आहे. अशा यादीपायी मेल खरोखर अडतो आहे का, ते परतीच्या ओळीत आधी बघावे. बहुधा अडत नसतो.

इतका वेळ पाठवणाऱ्याच्या चुकांबद्दल बोललो. स्वीकारणाऱ्याच्या चुका कमी नाहीत, आणि त्यांचा इतिहास जास्त मजेदार आहे. मत विचारण्याची सोय एकदा सर्व्हरात लिहून ठेवली की प्रशासक ती विसरतो. यादी बंद पडते, तिचे चालक कंटाळतात किंवा हैराण होतात, तरी जगभरचे सर्व्हर तिला विचारत राहतात. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट नावाची यादी हल्ल्यांनी बेजार झाली, आणि तिने अखेर सगळ्या जगाचे आयपी यादीत असल्याचे उत्तर द्यायला सुरुवात केली. ओआरडीबी ही यादी २००६ च्या डिसेंबरात बंद झाल्याचे जाहीर झाले. तरी तिला विचारणारे थांबेनात, तेव्हा मार्च २००८ मध्ये तिनेही प्रत्येकाला 'होय' म्हणायला सुरुवात केली. एका रात्रीत ज्यांचे मेल यायचे बंद झाले त्यांनी सव्वा वर्ष आपली मांडणी उघडून पाहिलेली नव्हती. ३१ जानेवारी २०२१ ला तर स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदतच संपली. ते नाव जाहिरातीच्या पानाकडे वळले, आणि त्या पानाची डीएनएस व्यवस्था कोणत्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर देणारी असल्याने नूतनीकरण होईपर्यंत कित्येक सर्व्हरांनी निष्पाप मेल धडाधड परत केले. सॉर्ब्ससारखी जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. तिचे नाव अजूनही कुठल्या मांडणीत पडून असेल तर वाचकाने हे पान बाजूला ठेवून आधी ते काढावे.

याच जातीची एक नवी चूक भारतात पुष्कळ दिसते. प्रशासक सर्व्हरला गुगलचा किंवा क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस लावतो आणि त्याच्यामार्फत स्पॅमहाउसला विचारतो. स्पॅमहाउस अशा वाटेने आलेल्या प्रश्नाला आयपीबद्दल काही सांगत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते, म्हणजे 'या वाटेने विचारू नका'. पण जो सर्व्हर कोणतेही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असे मानतो, तो त्या क्षणापासून आल्या प्रत्येकाला नाकारतो. असे घडले की बिचाऱ्या पाठवणाऱ्याला परतीच्या ओळीत स्पॅमहाउसचे नाव दिसते, तो तिथे जाऊन तपासतो, आणि आपला आयपी कुठेच नाही असे त्याला आढळते. अशा वेळी स्वीकारणाऱ्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्याला समजावून सांगायला थोडी वक्तृत्वकला लागते.

मोठ्या मेल कंपन्यांची गोष्ट निराळी आहे. जीमेल, आउटलुक, याहू यांचे मत मुख्यतः त्यांच्याच घरात बनते. ते कोणत्याही सार्वजनिक यादीत पाहता येत नाही. तिथे आयपीपेक्षा डोमेनची पत महत्त्वाची होत चालली आहे. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून, आणि मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून, मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. गुगलच्या लेखी मोठा म्हणजे दिवसाला पाच हजारांच्या घरात जीमेल पत्त्यांवर पाठवणारा. मेल खरोखर त्या डोमेनचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी-खुणा त्याच्याकडे असल्या पाहिजेत; जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय पाहिजे; आणि 'हा स्पॅम आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये. पाच हजारांत पंधरा माणसे. जुन्या ग्राहकांची यादी धूळ झटकून दिवाळीच्या शुभेच्छांना वापरणाऱ्या दुकानदाराने हा हिशेब एकदा करून बघावा. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस शोध चालत नाहीत, आणि पगारपत्रकाची सेवा, विक्रीची सेवा, शाळेच्या फीची सेवा अशी एकेक नावे जोडत गेले की ती मर्यादा नकळत ओलांडली जाते, एवढे सांगून हा भाग त्याच्या प्रकरणावर सोडतो. आयपीवरून नाव आणि नावावरून पुन्हा तोच आयपी मिळायला हवा, ही जुनी अटही तिथेच आहे.

तंत्राचे शिक्षण नसलेल्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटत असेल तर त्याने या क्षेत्राच्या कायद्याच्या बाजूने आत यावे. खाजगी व्यक्तीने प्रसिद्ध केलेल्या मताला किती जबाबदार धरायचे? ई३६० या अमेरिकन कंपनीने स्पॅमहाउसवर इलिनॉयमध्ये दावा लावला. लंडनमधून चालणाऱ्या त्या संस्थेने आपला बचाव मधेच मागे घेतला, आणि २००६ मध्ये तिच्यावर १ कोटी १७ लाख डॉलरचा एकतर्फी हुकूम झाला. २०१० मध्ये नुकसानीचा पुरावा मागितल्यावर ती रक्कम २७,००२ डॉलरवर आली, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती तीन डॉलर केली. दुसऱ्या टोकाला मार्च २०१३ मधला हल्ला आहे. सायबरबंकर या डच सेवादात्याची नोंद यादीत केल्यानंतर स्पॅमहाउसवर सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटचा मारा झाला. तोवरच्या सर्वांत मोठ्या हल्ल्यांत तो गणला गेला. ज्या मताला कायद्याचे बळ नाही, त्याच्यासाठी लोक न्यायालयात जातात आणि असे हल्लेही चढवतात, याचा अर्थ राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने लावायचा आहे.

भारतातली स्थिती आणखी विचित्र आहे. नकोशा मेलसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम आहेत ते फोन आणि एसएमएसचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मधल्या एका पोटकलमात मात्र त्रास देण्यासाठी किंवा उगमाबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. पालघरमध्ये २०१२ साली एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून हे कलम सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरून समूळ रद्द झाले. निकाल योग्यच होता. पण भाषणस्वातंत्र्याच्या त्या मोठ्या लढाईत मेलविषयीचे ते पोटकलमही गेले, आणि त्याची जागा भरायची कोणाला आठवण झाली नाही. आपल्याकडे मेलच्या विश्वासार्हतेचा व्यवहार आज तरी याद्या, सेवादाते आणि मोठ्या कंपन्या यांच्या आपसातल्या शिरस्त्यावर चालतो.

संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी इथे भरपूर मोकळी जमीन आहे. बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोसला सांगितले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल; त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही. बाधित संगणकांच्या देशवार मोजणीत भारत वर्षानुवर्षे वरच्या रांगेत राहिला, आणि आपले मोबाइल सेवादाते एकेका सार्वजनिक आयपीमागे कित्येक ग्राहक बसवतात. अशा आयपीवर नोंद झाली की शिक्षा कोणाला होते? आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत पत्ते इतके आहेत की एकेक नोंदवण्याला अर्थ उरत नाही. म्हणून याद्या ६४ बिटांपर्यंतचा सबंध गट एक मानतात. पण स्वस्त भाड्याच्या सर्व्हरांत एकाच गटात अनेक भाडेकरू असतात, तिथे काय करायचे? नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या एका सेवादात्याची जोडणी तोडल्यावर जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. एकाच ठिकाणी घाव घालून इतका परिणाम पुन्हा साधता येईल का, की आता पाठवणारे चोरलेल्या जीमेल खात्यांतून आणि नामांकित मेल सेवांतून येत असल्यामुळे आयपी पाहण्याचेच दिवस सरले? आणि ज्याने स्वतःचा सर्व्हर प्रामाणिकपणे चालवला त्या लहान माणसाची जागा उरली का? शेवटच्या प्रश्नाबद्दल मी फार आशावादी नाही, पण पुस्तकाच्या दुसऱ्या भागात उलटी बाजू मांडणारी प्रकरणे आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगली लिहिलेली आहेत.

पुस्तक ओळीने वाचलेच पाहिजे असे नाही. कायद्याच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यांना लागणारे तंत्र तिथल्या तिथे दिले आहे. लहान उद्योगात 'संगणकाचे तूच बघ' असे ज्याला सांगितले गेले आहे त्याने लॉग वाचण्याचे प्रकरण आधी घ्यावे, कारण त्याच्याकडे तक्रार येते ती नेहमी ऐन बिलिंगच्या आठवड्यात. आणि ज्याचा मेल या क्षणी अडकलेला आहे त्याने प्रस्तावना इथेच सोडून परतीचा मेल उघडावा, त्यातली वेळ भारतीय वेळेत करून घ्यावी, त्या वेळी त्या आयपीमागे काय काय चालू होते ते कागदावर लिहावे, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे यावे.